परतफेड न करणारी जमीन

एखादा खेळाडू भुसभुशीत वाळूत जीव तोडून दहा पावलं धावला, की त्याच्या मागे उकिडवं बसून ते ठसे बघावेत. मैदानावर पाऊल पडतं, उठतं, मागे काही उरत नाही. दबलेलं गवतही थोड्या वेळात ताठ होतं. वाळू मात्र सगळं लिहून ठेवते. पहिल्या दोन-तीन ठशांत टाच जवळजवळ नसतेच. चवड्याच्या जागी वाटीसारखा खोलगट खड्डा आणि त्याच्या मागच्या कडेला उडालेल्या वाळूची एक छोटी जीभ. चौथ्या-पाचव्या ठशापासून टाच हळूच उमटायला लागते. आठव्यापर्यंत टाचेचा खड्डा चवड्याच्या खड्ड्याइतका खोल झालेला असतो. म्हणजे पाऊल अंगाखाली पडायचं सोडून पुढे पडायला लागलं, धड सरळ झालं आणि रेटा संपला. उजव्या ठशाची बाहेरची कड दर वेळी ढासळलेली आणि डाव्याची शाबूत असेल, तर उजवा घोटा कुठे कलतोय तेही कळतं. असा फुकटचा कॅमेरा दुसरा नाही.

हे सगळं दिसतं, कारण वाळू दबते, सरकते आणि पुन्हा वर येत नाही. सरावाची जमीन म्हणून तिच्यात जे काही चांगलं-वाईट आहे, ते या एका गोष्टीतून निघतं.

कडक जमिनीवर धावताना प्रत्येक पावलाचा सगळा खर्च स्नायू सोसत नाहीत. पाऊल टेकलं की पोटरीखालचा अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारा दोरखंड, ताणलेल्या रबरासारखी ऊर्जा साठवतो आणि पाऊल उठताना तिच्यातली बरीचशी परत देतो. धावणं त्यामुळे स्वस्तात पडतं. पण या उधारीच्या व्यवहाराला खालची जमीन पक्की लागते. गादीवर उभं राहून दोरीउडी मारून बघा, म्हणजे ती पक्की नसली की काय होतं ते कळेल. वाळूत टेंडनने परत दिलेला रेटा कण ढकलण्यात जिरतो, पावलाचा जमिनीशी संपर्क लांबतो, आणि जे टेंडनने फुकटात करायचं ते स्नायूंना घाम गाळून करावं लागतं.

बेल्जियममधल्या संशोधकांनी हा हिशेब मोजून १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यांचे आकडे असे: वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, धावायला सुमारे १.६ पट. पहिल्यांदा वाचताना हे उलटं वाटतं, कारण धावणं जास्त महाग पडायला हवं. पण कारणं वेगळी आहेत. चालताना शरीर लंबकासारखं झुलतं, त्या झोक्यातच काम भागतं. वाळूत पाऊल रुतलं की झोका मोडतो, आणि चालणाऱ्याचं यांत्रिक कामच १.६ ते २.५ पट वाढतं. धावताना यांत्रिक काम जेमतेम १.१५ पट होतं. खर्च वाढतो तो मुख्यतः स्नायू-टेंडनची कार्यक्षमता घसरल्यामुळे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की वाळूतलं साधं चालणंही काम आहे. दोन धावांच्या मध्ये ‘चालत परत या’ म्हणताना आपण विश्रांती देत नसतो, दुसरा व्यायाम देत असतो. खरी विश्रांती हवी असेल तर उभं राहू द्यावं, किंवा कडेच्या घट्ट पट्टीवरून परत आणावं.

फायदाही याच दबण्यातून मिळतो. जमीन दबते म्हणून पाऊल आदळत नाही. ६० सेंटीमीटर उंचीवरून उतरून लगेच उडी, अशा २० उड्यांचे ५ सेट एका गटाकडून लाकडी फरशीवर आणि दुसऱ्याकडून वाळूत करून घेतले गेले, तेव्हा वाळूतल्या गटाचे स्नायू कमी दुखले आणि स्नायूंना झालेली इजाही कमी भरली. इटलीतल्या एका संघाने २००८ साली फुटबॉलपटूंवर चार आठवड्यांचा उड्यांचा सराव तपासला, एक गट गवतावर आणि एक वाळूत. वाळूवाल्यांचं अंग कमी दुखलं. १० आणि २० मीटरच्या धावेत दोन्ही गट सारखेच सुधारले. फरक पडला तो उडीच्या प्रकारात. खाली वाकून थांबून मारलेल्या उडीत वाळूचा कल सरस दिसला, पण झटकन वाकून त्याच झटक्यात मारलेल्या उडीत गवतवाले पुढे गेले. टेंडनची ती उधारी गवतावर चालते, वाळूत चालत नाही, हेच तिथेही दिसलं.

मग वाळू नेमकी कशासाठी वापरायची? माझं मत सरळ आहे. दम वाढवण्यासाठी, पहिल्या तीन-चार पावलांच्या रेट्यासाठी, आणि सांध्यांवर मार न पडता कामाचा डोंगर उपसण्यासाठी. ऑस्ट्रेलियात सांघिक खेळाडूंच्या हंगामपूर्व सरावात आठ आठवडे काही सत्रं गवताऐवजी वाळूत घेतली, तेव्हा वाळूतल्या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता गवतवाल्यांपेक्षा जास्त वाढली, आणि वेगाचं नुकसान झालं नाही. पण वाळूत वेग तयार होतो हे डोक्यातून काढून टाकावं. पूर्ण वेगाने धावताना पाऊल जमिनीला क्षणभरच टेकतं. वाळू तो क्षण लांबवते, गुडघा-कंबर जास्त वाकवते, पाऊल आखूड करते. त्या ढबीत शंभर धावा केल्या तर त्या ढबीचाच सराव होतो. टॉप स्पीडचा सराव मैदानावरच, ताज्या पायांनी करायचा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. वाळूच्या टेकड्यांवरून धापा टाकत धावणारा खेळाडू, हे चित्र आपल्या डोक्यात बसवलं ते ऑस्ट्रेलियाच्या हर्ब एलियटने. प्रशिक्षक पर्सी सेरुटी त्याला तिथल्याच पोर्टसी गावच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवायचा, आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याने १५०० मीटर ३ मिनिटं ३५.६ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकले. चित्र रोमांचक आहे, पण तो एकाच दिशेने एका लयीत धावणारा मध्यम पल्ल्याचा धावपटू होता. हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉल, कबड्डी यांत खेळाडू थांबतो, वळतो, मागे सरकतो, धक्का खातो, पुन्हा सुटतो. त्याला टेकडीवर वीस फेऱ्या मारायला लावणं म्हणजे दुसऱ्याचं औषध घेणं. वाळूचे कण रगडले की तेल गळतं म्हणतात. सरावात रगडण्याने बहुतेक वेळा फक्त पोटरीत गोळे येतात.

आता खुद्द वाळूकडे. वाळू म्हणजे एकच जमीन नव्हे, किमान तीन जमिनी आहेत. समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीला पाणी मागे हटल्यावर उरलेली ओलसर पट्टी घट्ट असते, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांशी चिकटवून धरतं. तिच्यावर टाच आपटली तर खूण जेमतेम उमटते. तिच्यावरचं धावणं मऊ मैदानावरच्या धावण्यासारखंच. पाण्याला लागून असलेली पट्टी मात्र तुडुंब भिजलेली असते. तिथे पाणी कणांना चिकटवत नाही, तरंगवतं, आणि पाऊल पचकन आत जातं. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी, भुसभुशीत वाळू ही तिसरी. संशोधनातले चढे आकडे बहुतेक याच वाळूचे. ‘आज वाळूत सराव’ एवढं सांगून भागत नाही. कुठल्या वाळूत, ते ठरवावं लागतं. पारखायची सोपी रीत म्हणजे एका पायावर उभं राहून टाच तीनदा जागच्या जागी दाबायची. टाच बोटभर गेली तर घट्ट, घोट्याच्या हाडापर्यंत वाळू आली तर भुसभुशीत. त्याहून खोल जात असेल तर तिथे उड्या आणि वळणं नकोत, फक्त चालणं.

किनाऱ्याचा उतार ही लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट. समुद्राकडे कललेल्या पट्टीवर एकाच दिशेने धावलं की पाण्याकडचा पाय कायम खाली पडतो आणि दुसरा कायम वर. जणू एक पाय आखूड झाला. वीस मिनिटांत कंबर आणि गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. सपाट जागा शोधावी. ती नसेल तर जितकं जाणं तितकंच येणं, आणि तेही छोट्या टप्प्यांत. एक किलोमीटर जाऊन एक किलोमीटर परत येणं ही बरोबरी नाही. जाताना दुखावलेली बाजू परत येताना आणखी दमलेली असते.

सरावासाठी वाळूचा हौद बांधायचा असेल तर खोली ४० सेंटीमीटर धरावी. बीच व्हॉलीबॉलच्या नियमांतही किमान खोली एवढीच सांगितली आहे. २० सेंटीमीटरच्या हौदात जोराची उडी मारली की पाय तळाला लागतो, आणि मऊ समजून सोडलेलं अंग कडक जमिनीवर उतरतं. ते उघड्या मैदानापेक्षा वाईट. तळाशी खडीचा थर, त्यावर पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड, वर धुतलेली, गोलसर कणांची वाळू. कण बहुतांशी पाव ते एक मिलिमीटरचे हवेत. बांधकामाची न धुतलेली वाळू भरली की तिच्यातली माती पहिल्या पावसानंतर पापडीसारखी घट्ट बसते, आणि उन्हाळ्यात तिचाच धुरळा डोळ्यांत जातो. हौदाच्या कडा उघड्या काँक्रीटच्या ठेवू नयेत. रबराने मढवाव्यात, किंवा वाळूच्या पातळीखाली दाबून घ्याव्यात. चारही बाजूंना दोन मीटर मोकळं सोडावं, कारण दमलेला खेळाडू सरळ रेषेत थांबत नाही.

सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न बहुतेक संघ विचारतच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा संघ जिना उलटा उतरत असतो. अंग कमी दुखतं हे उड्यांच्या आदळण्यापुरतं खरं. पोटऱ्या आणि तळपाय वाळूत नवीनच काम करतात, आणि नवीन काम दुखतंच. पहिल्या आठवड्यात दोन सत्रं, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. वॉर्म-अप नेहमीसारखा, कडक जमिनीवर. थंड पोटरी घेऊन वाळूत उतरू नये. मग वाळूत फक्त १५ मिनिटं. त्यातली पाच मिनिटं २० मीटरच्या पट्टीत चालणं, पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आडवं. नंतर १५ मीटरच्या सहा धावा, दहापैकी सहा जोराने, प्रत्येकीनंतर मिनिटभर उभं राहून विश्रांती. शेवटी जागच्या जागी पाच-पाच उड्यांचे दोन सेट. प्रत्येक उडीआधी वाकून दोन सेकंद थांबायचं. ते थांबणं महत्त्वाचं, कारण झटक्याचा फायदा वाळू खाऊन टाकणारच आहे. तो मुद्दाम सोडून द्यावा आणि निव्वळ मांड्यांच्या जोरावर उठावं.

दुसऱ्या आठवड्यात २० मिनिटं, आठ धावा, जोर सात-आठ, आणि आडव्या पावलांचे आठ-आठ सेकंदांचे चार तुकडे. तिसऱ्यात २५ ते ३० मिनिटं. इथे पहिल्यांदा पूर्ण जोर येतो, पण १० मीटरच्या धावांत, सहाचे दोन सेट, दोन धावांमध्ये ४५ ते ६० सेकंद. चौथ्या आठवड्यात काम एक तृतीयांश कमी. हे कमी करणं प्रशिक्षकांना जिवावर येतं, कारण तिसऱ्या आठवड्यात खेळाडू नेमके रंगात आलेले असतात. टेंडन मात्र स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतो. खेळाडूला बरं वाटतंय म्हणजे टेंडनलाही बरं वाटतंय असं नाही.

पूर्ण जोराच्या १० मीटरमध्ये काय बघायचं, हे थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे. कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांपेक्षा उभा राहत नाही, ढासळतो. म्हणजे कण एकमेकांवरून घसरायला किती आतुर असतात बघा. पायाने वाळूला फार आडवा, मागच्या मागे धक्का दिला की तेच होतं. पाऊल मागे घसरतं आणि शरीर तिथल्या तिथे राहतं. नवशिक्याच्या ठशामागे हातभर लांब ओरखडा दिसतो तो याचाच. सराईत खेळाडू पाऊल आधी वरून खाली दाबतो, वाळू पायाखाली घट्ट होऊ देतो, आणि मग त्या घट्ट झालेल्या पायरीला रेटा देतो. ठसा खोल पण आटोपशीर असतो, मागची जीभ चार बोटांची. खेळाडूला ‘जोरात ढकल’ म्हणण्यापेक्षा ‘पाय खाली ठोक, मग निघ’ म्हटलं की तीन-चार धावांत ठसा बदललेला दिसतो. पावलं आखूड आणि भरभर हवीत. लांब ढांग टाकली की टाच पुढे रुतते आणि प्रत्येक पाऊल ब्रेक होतं.

दिशा बदलण्याच्या सरावात वाळूचा एक गुण आणि एक दगा आहे. गुण असा की पाऊल थोडं सरकतं, जमिनीत खिळून बसत नाही, त्यामुळे गुडघ्याला बसणारा पिळाचा झटका बोथट होतो. दगा असा की त्याच जागी पाच खेळाडू वळले की तिथे खड्डा तयार होतो, आणि सहाव्याचा पाय त्या खड्ड्याच्या भिंतीत अडकतो. पाय अडकलेला आणि अंग फिरलेलं, म्हणजे गुडघा मुरगळायची पुरती तयारी. वळणाच्या खुणेसाठी ठेवलेले प्लास्टिकचे कोन (शंकू) दर दोन-तीन धावांनंतर मीटरभर सरकवावेत. दोन सेटच्या मध्ये कुणीतरी दंताळं फिरवावं. दंताळं विकत घ्यायला विसरलेला संघ वाळूच्या सरावाला तयार नाही, एवढं समजावं.

वेळ ठरवून द्यावी, अंतर नव्हे. हा नियम मोडला की सगळं गणित बिघडतं. मैदानावर १२ सेकंदांत ६० मीटरची शटल, म्हणजे जा-ये धाव, पुरी करणाऱ्या मुलांना वाळूतही ६० मीटरच दिले, तर धाव लांबते, विश्रांती आकसते, आणि चौथ्या फेरीपासून पळण्याचं फरफटणं होतं. वाळूत सांगायचं: १५ सेकंद धावा, १५ सेकंद थांबा, अशी सहा मिनिटं, मग तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, आणि पुन्हा एकदा. किती अंतर झालं ते कोन मोजून लिहून ठेवावं, पण मैदानाच्या आकड्याशी त्याची तुलना करू नये. जीपीएसची जॅकेटं घालणाऱ्या संघांना हे विशेष सांगावं लागतं. ते यंत्र वेग आणि अंतर मोजतं. वाळूत दोन्ही कमीच येणार, आणि पडद्यावर दिसणार ‘आज हलका दिवस’, जेव्हा खेळाडू गुडघ्यांवर हात ठेवून उभे आहेत. त्यापेक्षा जुनी साधी रीत बरी. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला एक ते दहामध्ये किती जड गेलं ते विचारायचं, आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. मैदानावरची ४० मिनिटं गुणिले ६ म्हणजे २४०. वाळूतली ३० मिनिटं गुणिले ८ म्हणजेही २४०. आठवड्याची बेरीज या आकड्यांवर करावी. वाळूचं सत्र वाढवलं की मैदानावरचं काहीतरी काढून घ्यावं लागतं, वर लादायचं नसतं.

चेंडू आणला की सरावात जान येते, फक्त खेळ वाळूला मानवेल असा हवा. फुटबॉल वाळूत घरंगळत नाही, पडला की पडलेला. म्हणून हवेतले पास, किंवा सरळ हातांनी झेलाझेल. चार विरुद्ध चार, २० बाय १५ मीटरची जागा, दोन-तीन मिनिटांचे तीन-चार तुकडे, चेंडू हातात घेऊन तीनपेक्षा जास्त पावलं नाहीत. धावणं, अडवणं, वळणं, उठणं सगळं येतं, आणि पडण्याची भीती नसल्याने मुलं मोकळेपणी झोकून देतात. बचावातलं मागे सरकणं, खाली बसलेल्या ढबीतली आडवी पावलं, पडून लगेच उठणं, या गोष्टी मैदानावर मनापासून शंभर वेळा कुणी करत नाही. वाळूत करतात.

अनवाणी की बूट? घट्ट वाळूत बूट चालतात. भुसभुशीत वाळूत बुटांत वाळू भरते, बोटं कोंबली जातात आणि दहा मिनिटांत फोड येतात. अनवाणी पायाची बोटं वाळूला पकडतात, तळव्याचे छोटे स्नायू कामाला लागतात, म्हणून तेच बरं. पण तळव्याची कातडी तयार व्हायला दोन आठवडे द्यावेत. अंगठ्याखालचा भाग सगळ्यात आधी सोलवटतो, त्यासाठी वाळूसाठीचे मोजे घालावेत. काच, शिंपल्यांचे तुकडे, गळ, तार, यांसाठी आधी संपूर्ण पट्टीवर दंताळं फिरवायचं, नुसती नजर नाही. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. आणि ऊन! दुपारची कोरडी वाळू ५० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. हाताचा पंजा उलटा करून वाळूवर टेकवायचा. सात सेकंद टिकला नाही तर सराव संध्याकाळवर ढकलायचा. वरून पाणी शिंपडून वाळू गार होते खरी, पण शिंपडलेली वाळू घट्टही होते, म्हणजे त्या दिवशी जमीन बदलली हे लक्षात ठेवायचं.

दुखण्यांची जागा ठरलेली आहे. पहिली पोटरी, मग अकिलिस, मग तळव्याची कमान. कारण एकच. टाच वाळूत रुतते, चवड्याच्या पातळीखाली जाते, आणि टेंडन रोजच्यापेक्षा जास्त ताणलेल्या अवस्थेत ओझं उचलतो. सकाळी उठल्यावरची पहिली दहा पावलं हा चांगला थर्मामीटर. टाचेच्या मागे किंवा खाली कळ येते आणि दहा पावलांनंतरही जात नाही, तर त्या दिवशी वाळू नाही. तीन दिवस सलग असंच झालं तर फिजिओकडे. ज्याच्या अकिलिसचं किंवा तळव्याचं जुनं दुखणं आहे, त्याला भुसभुशीत वाळूत उतरवूच नये. संघाबरोबर राहायचं म्हणून उतरवणं ही माया नव्हे. त्याउलट नडगीच्या हाडाचं दुखणं किंवा आदळण्याने होणारे त्रास यांतून परतणाऱ्याला वाळू मानवते. घोटा मुरगळून बरा होणाऱ्याची पायरी अशी: कडक जमिनीवर त्या एका पायावर ३० सेकंद न दुखता, न डगमगता उभं राहता आलं, की ओलसर घट्ट वाळूत दहा मिनिटं चालणं. ते दोन-तीन दिवस निभलं, की कोरड्या वाळूत चालणं, मग हलकं धावणं. वळणं आणि उड्या सगळ्यात शेवटी. फिजिओने होकार दिल्याशिवाय एकही पायरी नाही.

मांडीच्या मागच्या स्नायूंचंही बघावं लागतं. वाळूत ते नेहमीपेक्षा जास्त राबतात, आणि खेळाडूला त्याचा पत्ता लागतो दोन दिवसांनी, मैदानावर पूर्ण वेगाने सुटताना. म्हणून जड वाळू-सत्र आणि पूर्ण वेगाचा मैदानी सराव यांत किमान ४८ तास. सामन्याआधी ७२ तास वाळू बंद. वर्षाच्या हिशेबात वाळूची जागा हंगामपूर्व तयारीच्या पहिल्या महिन्यात, आठवड्यातून दोनदा. पुढे एकदा. स्पर्धेला दोन आठवडे उरले की जड वाळू पूर्ण सोडून मैदानावरच्या वेगाला आणि चटपटीत उड्यांना जागा द्यायची. टेंडनला त्याची उधारी पुन्हा शिकवायची असते, आणि ती शिकवणी कडक जमिनीवरच होते.

त्या शिकवणीची सुरुवात त्याच दिवशी, सत्राच्या शेवटी करता येते. वाळूतून बाहेर आल्यावर पाय झटकून, बूट घालून, कडक जमिनीवर ४० मीटरच्या तीन-चार सैल धावा. पहिल्या धावेत पाय विचित्र हलके वाटतात, जमीन वर उसळल्यासारखी लागते. तो भास आहे, त्यावर भाळून कुणी पूर्ण वेगाने सुटू नये, दहापैकी सात पुरे. तिसऱ्या धावेपर्यंत पावलांचा ठोका जागेवर येतो.

दरम्यान एकाने मागे थांबायचं, दंताळं हातात घेऊन. पण फिरवण्याआधी एक काम. पहिल्या धावेच्या पट्टीतले ठसे मुद्दाम न पुसता ठेवलेले असतात, शेजारच्या पट्टीत शेवटच्या धावेचे. दोन्हींतली पहिली पाच पावलं टेपने मोजायची आणि वहीत लिहायची. पाचव्या पावलापर्यंतचं अंतर दोन्हीकडे जवळपास सारखं असेल आणि टाच उशिरा उमटली असेल, तर पुढच्या वेळी दोन धावा वाढवता येतील. शेवटच्या पट्टीत दुसऱ्याच ठशाला टाच खोल गेली असेल, तर त्या खेळाडूचा सराव चार धावा आधी संपायला हवा होता. ते त्याच्या नावापुढे लिहायचं, आणि मग दंताळं फिरवायचं, कडेकडून मध्याकडे, म्हणजे मधे साचलेले खड्डे भरतात.